वस्त्राचे जीर्णत्व

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकात देहत्यागाला वस्त्रत्यागाची उपमा दिलेली आहे. या श्लोकाचे निरूपण करताना आपण देह आणि देही यांच्या भेदाकडे त्वरेने वळतो, आणि उपमेतील वस्त्राकडे पाहावयाचे राहून जाते. वास्तविक तेथे वस्त्राला 'जीर्ण' असे विशेषण आहे. मनुष्य टाकतो ते जीर्ण झालेले वस्त्र. मग ज्या घरात वस्त्र जीर्णच होत नाही, तेथील श्रोत्याला ही उपमा कशी उमगावी?

ही शंका आम्हांस हिंगोली जिल्ह्यात, वसमतकडील एका वासनिकाच्या घरी उद्भवली. हळद शिजवण्याचे दिवस होते. हळदीचा डाग सहसा जात नाही, म्हणून त्या कामावर जुनेच कपडे घालण्याची रीत आहे. घरातील माउलीने कपाट उघडले, तो घड्या अंगावर कोसळल्या. परंतु हळदीला घालण्याजोगे जुने धडुते त्यांत एकही निघेना! शेवटी शेजारून एक विटका सदरा मागून आणावा लागला. सर्वजण हसले. आम्हीही हसलो, परंतु ती गोष्ट मनातून गेली नाही.

त्याच घरातील वृद्ध आजींनी आपल्या सासुरवासातील लुगड्याची कथा सांगितली. लुगडे मध्ये विरले की विरलेला भाग काढून दोन्ही शेवट जोडावयाचे, त्याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही फाटले की त्याची गोधडी, लहान तुकड्यांची बाळाची दुपटी, उरल्या चिंध्यांचे पोतेरे, आणि शेवटची चिंधी दिव्याची वात. एवढे झाल्यावर ते लुगडे संपले असे म्हणावयाचे.

यासारखाच क्रम बौद्धांच्या विनयपिटकातील चुल्लवग्गात आढळतो. राजा उदयनाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. इतक्या वस्त्रांचे हा श्रमण काय करणार, दुकान मांडणार काय, असे राजाला वाटले व त्याने तसे विचारलेही. आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे झिजली आहेत त्यांना ही वाटू. झिजलेल्या चीवरांची अंथरुणावरची पांघरुणे, त्यांची पुढे गादीची खोळ, मग भूमीवरचे आस्तरण, पायपुसणे, झाडणे. आणि तेही फाटले की कुटून मातीत कालवून जमीन सारवू. तत्त्वज्ञानात आपला त्यांचा मेळ नाही; परंतु आजींचे पोतेरे आणि आनंदाचे सारवण यांत आम्हांस अंतर दिसत नाही.

आज ही साखळी तुटली आहे. कृत्रिम धाग्याची साडी घाम टिपत नाही, तिची गोधडी उबेला येत नाही, आणि वात तर होतच नाही. परंतु दोष केवळ धाग्याचा म्हणून चालणार नाही. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या 2017 सालच्या अहवालानुसार, कपडा टाकून देण्यापूर्वी तो सरासरी जितक्या वेळा अंगावर चढतो, ती संख्या जगात आधीच्या पंधरा वर्षांत 36 टक्क्यांनी घटली. हिंगोलीसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात तरी हे वाचून खंत वाटावी. एका बोंडामागे किती कष्ट असतात, हे येथे कोणास सांगावे लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, वापरत नाही ते दान करावे, दोष फिटेल. ही युक्ती आम्हांस मान्य नाही. नकोसे झाले म्हणून दिले, तर त्याला कपाट रिकामे करणे म्हणावे. ते रिकामे झालेले कपाट पुढच्या सणाला पुन्हा भरते. दुसरे असे की ते वस्त्र घेणारा ते झिजवितो काय? हे लिहिताना संकोच होतो, परंतु लिहिलेच पाहिजे. त्या घरून परत आल्यावर आम्ही आपली पेटी उघडली. वासनिकांनी पर्वकाळी श्रद्धेने अर्पण केलेली पाच वस्त्रे तीत घडी न मोडता पडलेली होती. एकाच्या घडीला कसर लागली होती. देणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून घेतली, असे आम्ही स्वतःस सांगत आलो होतो. गृहस्थाच्या कपाटाला परिग्रह म्हणावयाचे आणि भिक्षुकाच्या पेटीला संग्रह, हा शब्दांचा खेळ झाला.

आपल्याकडे प्रसाद वंदनीय आहे तो संबंधामुळे. अवताराच्या श्रीअंगी लागलेली वस्तू आपण मस्तकी धरतो. आपल्या देहाने वस्त्राला असे काहीच लाभत नाही, हे उघड आहे. तरीही प्रपंचाच्या पातळीवर विचार केला तर ज्याला कोणाच्याच अंगाचा संबंध नाही, त्या वस्त्राशी आपले उरते ते केवळ ममत्व. ते थंडी वारीत नाही, लज्जा राखीत नाही, आणि 'माझे' मात्र असते.

उलट बाजूही आहे. ठिगळाचाही अभिमान होतो. माझा सदरा दहा वर्षांचा, असे चारचौघांत सांगणारा मनुष्य त्या सदऱ्याला कोऱ्याहून अधिक चिकटलेला असतो. शिवाय मुलीने लग्नात दोन साड्या अधिक नेसल्या तर तिला बोल लावणे, हा काही धर्म नव्हे. नेसाव्यात, आणि पुढेही नेसत राहाव्यात, इतकेच.

पुढील फेरीत त्या माउलीने विचारले, "बाबा, यांतले पहिले कोणते काढू?" आम्ही म्हणालो, जे 'चांगले' म्हणून ठेवले आहे ते. तिने लग्नाच्या वाढदिवसाची साडी काढली व तीच नेसून चुलीपाशी बसली. सुनेने तोंडावर पदर धरला. आमच्या पेटीतील कसर लागलेले वस्त्र या पावसाळ्यापासून आमच्या अंगावर आहे. दोन वस्त्रे एका नवदीक्षिताला दिली, तो ती नित्य वापरतो असे पाहिले. उरलेली दोन अजून घडीतच आहेत.