आस आणि टाके

स्पर्धा आली की अहंकार आलाच, मग त्यात साधना कसली, असं आमच्या शेजारचे आप्पा म्हणतात. आप्पा रोज ज्ञानेश्वरी वाचणारे, त्यामुळे त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही.

वाद निघाला माझ्या विणकामावरून. ऑलिंपिक आलं की जगभरच्या विणणाऱ्या बायका (आणि काही बाप्येसुद्धा) रॅव्हेलरी या विणकामाच्या संकेतस्थळावर जमतात. उद्घाटन सोहळा सुरू झाला की सुईवर टाके घालायचे आणि ज्योत विझायच्या आत वस्तू पुरी करून टाके बंद करायचे. पॅरिसचा सोहळा 26 जुलै 2024 ला आपल्याकडे रात्री अकराला सुरू झाला, तेव्हा पुण्याच्या दमट हवेत बोटांना चिकटणारी लोकर घेऊन मी टीव्हीसमोर बसले होते. मुदत 11 ऑगस्टपर्यंत. पहिला-दुसरा नंबर कुणाचाच नाही. ज्याचं काम पुरं झालं त्याला पदक, तेही नुसतं पडद्यावरचं चित्र.

या खेळाला 2012 पर्यंत ‘रॅव्हलिम्पिक्स’ म्हणत. त्या वर्षी अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने वकिली पत्र पाठवून हरकत घेतली. स्वेटर ट्रायथलॉन, स्कार्फ हॉकी असले प्रकार म्हणजे आयुष्यभर घाम गाळणाऱ्या खेळाडूंचा अवमान आहे, असा त्यातला सूर. बायका खवळल्या. समितीने माफी मागितली आणि त्याच दमात खेळाडूंसाठी काही विणून पाठवा असंही सुचवलं; मग आणखी एकदा माफी मागावी लागली. नाव मात्र बदललंच, आता ते ‘रॅव्हेलेनिक गेम्स’ आहे. मला त्या पत्रात सोवळंच दिसलं: आमचे कष्ट पवित्र, तुमचे शिवले तर विटाळ.

आप्पांचा आक्षेप वेगळा आहे आणि जास्त खोल. गीतेत फळाची आस सोडायला सांगितलंय, आणि तुम्ही तर फळाला तारीख लावून बसता, असं ते म्हणतात. यावर माझ्याकडे लोकरीतला पुरावा आहे, पण तो त्यांच्याच बाजूचा निघतो. विणणाऱ्या कुणालाही विचारा, मुदत जवळ आली की हात आवळतो. तीच सुई, तीच लोकर, तरी जिथे आधी दहा सेंटिमीटरमध्ये बावीस टाके बसत होते तिथे चोवीस बसायला लागतात आणि एक बाही दुसरीपेक्षा अरुंद होते. फळाची आस अशी मापपट्टीने मोजता येईल हे व्यासांनाही सुचलं नसेल.

पण मुदत नसती तर ती बाही कपाटातच राहिली असती, हेही खरंच आहे. माझी आजी चातुर्मासात लाख वातींचा नेम करायची. कापूस पिंजून दुपारभर वाती वळायची, शेकड्यांनी मोजून डब्यात भरायची. आळीतल्या इतर दोघीतिघींचाही तोच नेम. ‘तुझ्या किती झाल्या गं?’ हा प्रश्न रोज व्हायचा, आणि उत्तर ऐकून आजीचा हात त्या दुपारी जरा भरभर चालायचा. त्या ईर्ष्येने तिचं व्रत बाटलं असं कुणी म्हणालं नाही. मला तर वाटतं, संकल्पाला साक्षीदार लागतातच. एकटीने मनात धरलेला नेम एकादशीच्या आतच ढिला पडतो.

‘पण त्या वाती उद्यापनाला तुपात भिजवून पेटवल्या ना?’ आप्पांनी लगेच पकडलं. ‘तुझ्या स्वेटरचा तर फोटो निघतो.’

इथे मी गप्प झाले. लाख वाती जळून जातात. मोजलेलं सगळं, मिरवलेलं सगळं जातं. स्वेटर भाच्याला दिला तरी फोटो माझ्या नावावर राहतो.

मग मला त्या खेळातला उसवण्याचा प्रकार आठवला. फसलेली, आवडेनाशी झालेली जुनी वस्तू उसवून टाकायची, तीही मुदतीत, आणि त्यालाही पदक. आप्पा खूश झाले; हा त्याग म्हणाले. मला तेवढं मान्य नाही. त्यागाला पदक मिळालं की ते पदकही सोडावं लागणार, आणि ते सोडल्याचं आपण कुणाला तरी सांगणारच. शिवाय उसवून हातात राहते ती लोकर: वळ्या पडलेली, धुऊन वाळवली की पुन्हा विणण्याजोगी. तिचं काय करायचं, ते आप्पांना विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही, म्हणून तूर्त त्यांच्या पावलाचं माप घेऊन ठेवलंय.