फुलाची साक्ष

धान्याला कीड लागू नये म्हणून पूर्वी काचेची एक कुपी मिळायची. ईडीबीची कुपी. कापडात गुंडाळून फोडायची, धान्यात खोल खुपसायची नि कणगीचं तोंड लिंपून टाकायचं. त्या औषधाचं पूर्ण नाव इथिलीन डायब्रोमाइड. पण त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं पेट्रोल. इंजिन ठोकू नये म्हणून पेट्रोलात शिसं घालत, आणि ते शिसं आत साठून न राहता धुराबरोबर बाहेर पडावं म्हणून जोडीला हे घालत. इंजिन स्वच्छ राहायचं, घाण रस्त्यावर यायची.

अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत ट्रॅडेस्कान्शिया नावाचं निळ्या फुलाचं रोप वाढवलेलं होतं. त्याच्या पुंकेसरांवर बारीक केस असतात, एकापुढं एक पेशी मण्यांसारख्या ओवलेल्या. वाण असा निवडलेला, की पेशीतला निळ्या रंगाचा गुण बिघडला की गुलाबी पेशी निघते. या औषधाची वाफ दिली, तर गुलाबी मणी वाढले. १९७४ साली हे छापून आलं.

तिकडं जमिनीतला वापर १९८३ मध्ये थांबला, धान्यातला १९८४ मध्ये. आपल्याकडं शिशाचं पेट्रोल २००० साली गेलं, कुपीवर बंदी आली २००१ साली. फुलानं सांगितल्यावर सत्तावीस वर्षांनी.

कुणी म्हणेल, फुलाला झालं म्हणून माणसाला होईल कशावरून? प्रश्न रास्त आहे. धान्य किडून गेलं तर पोरं काय खातील, हाही रास्तच. पण गुण वाहून नेणारा पेशीतला धागा झाडात नि माणसात एकाच जातीचा. मग शंका आली, तर सिद्ध कुणी करायचं?

आम्ही पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतो. दुसऱ्याच्या वावरातून पाणी न्यायचं तर आधी त्याला विचारतो. इथं दोन्ही उलटं झालं. आधी वापरलं, तपासणी मागून. आणि धूर ज्याच्या नाकात गेला, त्याला तर कुणी विचारलंच नाही. फायदा आजचा होता, बिघाड डोळ्यांना दिसत नव्हता, म्हणून थांबायची घाई कुणाला नव्हती.

माझं म्हणणं एवढंच, की ज्याला फायदा घ्यायचा त्यानंच आधी दाखवावं, यानं कुणाचं नुकसान होत नाही. ते दाखवेपर्यंत कुपी दुकानातच राहू द्यावी.