मंडळीच्या पेटीचा सांधा

शास्त्रपाठ : निर्गम, अध्याय २६, वचनें १५ ते २९



निवासमंडपाच्या फळ्यांविषयींचा हा पाठ उपासनेंत क्वचितच वाचला जातो, आणि वाचला गेलाच तर ऐकणाऱ्यांस झोंप येते, हें आम्हांस ठाऊक आहे. हिशेबच हिशेब. दक्षिणेकडे वीस फळ्या, उत्तरेकडे वीस, पश्चिमेकडे सहा व कोपऱ्यांच्या दोन, मिळून ४८. प्रत्येक फळी दहा हात लांब व दीड हात रुंद. परंतु सतराव्या वचनांत एक लहानशी आज्ञा आहे, ती वाचून सुताराच्या घरचा मनुष्य थांबल्यावांचून राहणार नाहीं. प्रत्येक फळीस दोन कुसें असावीं, व तीं एकमेकांशीं जुळतीं असावीं, असें देवानें मोशेस सांगितलें. मंडप उभा राहिला म्हणजे हीं कुसें कोणास दिसावयाचीं नव्हतीं; रुप्याच्या बैठकांत गेलीं कीं तीं झांकलीं गेलीं. सोन्यानें मढविलेली फळी सर्वांनीं पाहिली. कुसूं पाहिलें तें कापणाऱ्यानें व ज्याच्या आज्ञेनें तें कापलें गेलें त्यानें.

हा पाठ आज घेण्याचें कारण एक पेटी आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशीं, तापीच्या उत्तरेस एक लहान मंडळी आहे. गांवाचें नांव सांगत नाहीं. सांगितलें तर तेथील लोक लाजतील, आणि या गोष्टींत पहिली लाज आमची आहे. त्या मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या व मरणांच्या वह्या घासलेटाच्या एका रिकाम्या डब्यांत घालून माळ्यावर ठेवलेल्या होत्या. एके दिवशीं एका विधवा भगिनीस आपल्या लग्नाचा दाखला पाहिजे झाला. नवऱ्याच्या मागें राहिलेल्या शेताच्या तुकड्याचा प्रश्न होता, आणि दीर म्हणत होते कीं, आमच्या भावाचें हिच्याशीं लग्न झालेंच नव्हतें. वही उघडून पाहतों तों त्या वर्षाचीं पानें वाळवीनें खाऊन मातीचा लगदा झालेलीं! १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याप्रमाणें लग्नाची नोंद होते, तिजवर वधूवरांच्या, लग्न लावणाऱ्याच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या होतात. त्या नोंदीची प्रत वर पाठविली होती कीं नाहीं, हें मात्र कोणास सांगतां येईना. ती बाई वहीकडे पाहत उभी राहिली. तिला वाचतां येत नव्हतें, पण पान नाहीं एवढें दिसत होतें.

धुळ्याच्या लोकांस कागदाची किंमत समजावून सांगावी लागत नाहीं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं जन्मभर गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें गोळा केलीं, ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच देह ठेवला, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या शहरांत जुने कागद संभाळीत आहे. सरदारांच्या कागदांसाठीं एवढी खटपट करणारे लोक ज्या भूमींत झाले, तेथें एका गरीब बाईच्या लग्नाचा कागद आम्हीं घासलेटाच्या डब्यांत ठेवला.

मंडळीनें ठराव केला कीं, वह्यांसाठीं चांगली लांकडी पेटी करावी. वरच्या आळींतील एका घराची जुनी सागवानी तुळई पडलेली होती, ती त्या आळीनें दिली. मजुरी खालच्या आळीनें दिली. एका भावानें विचारलें, मंडपाच्या फळ्या बाभळीच्या होत्या, आणि बाभूळ तर आपल्या बांधावर फुकट आहे, मग साग कशाला? प्रश्न वाईट नव्हता. सीनायच्या रानांतील बाभूळ आपल्या बाभळीची बहीण खरी, पण तीच नव्हे. आपली बाभूळ कठीण व चिवट, गाडीच्या चाकास व नांगरास उत्तम. (आपला प्रभु नांगर व जोखडें करीत असे, असें दुसऱ्या शतकांत जस्टिन नांवाच्या ख्रिस्ती लेखकानें लिहून ठेवलें आहे, खानदेशांत त्यानें तें काम केलें असतें तर बाभूळच निवडली असती, असें आम्हांस वाटतें.) पण पातळ फळी काढली तर बाभूळ वांकते. साग आपला आकार धरून राहतो, आणि त्याच्या अंगच्या तेलामुळें वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. शास्त्र वाचून धर्म कळतो, जंगल कळत नाहीं.

आतां आमची चूक सांगतों. पुनरुत्थानाचा सण तोंडावर आला होता. पेटी त्या दिवशीं वेदीजवळ ठेवून अर्पण करावी, अशी आम्हांस हौस. सुतार तरुण होता. आम्ही रोज त्याच्या मागें उभे राहून घाई करीत होतों. कोपऱ्यांस बोटांत बोटें गुंतवावीं तसा सांधा त्यानें कापला, पण दोन कोपऱ्यांस चांगलीच फट राहिली. पुन्हां कापूं काय, असें त्यानें विचारलें. आम्हींच म्हटलें, वेळ नाहीं, भुसा व सरस कालवून भर, वरून तेल लाव. त्यानें भरलें. तळाची फळी खिळ्यांनीं ठोकली. पेटी सुंदर दिसली. लोकांनीं वाखाणली.

त्याच सणास आम्हीं आणखी एक काम उरकलें. वरची आळी व खालची आळी यांचें कित्येक वर्षांचें वैर होतें. एकमेकांच्या घरीं पाणीही पीत नसत. आम्हीं दोन्ही आळींच्या वडील माणसांस पुढें बोलाविलें, प्रार्थना केली, दोघांस आलिंगन द्यावयास लाविलें, आणि सर्वांनीं मिळून चहा घेतला. भांडण कशाचें होतें, हें त्या दिवशीं कोणास विचारलें नाहीं. विचारलें असतें तर सण बिघडला असता.

श्रावणांत पेटीचें झांकण बसेना. दोन कोपरे उघडले होते, भुशाची लांबी तुकडे होऊन गळत होती, आणि आंत कसर शिरली होती. त्याच महिन्यांत दोन्ही आळी पुन्हां बोलेनाशा झाल्या.

गांवांत एक वृद्ध सुतार आहेत, त्यांस सर्वजण आबा म्हणतात. ते आपल्या मंडळींतले नव्हत. त्यांनीं पेटी उलटी करून पाहिली आणि आपल्या अहिराणींत आम्हांस जें ऐकविलें त्याचा सारांश असा कीं, फट ही सांध्याची तक्रार असते, आणि तुम्हीं तक्रारीचें तोंड बंद केलें. मग समजावून सांगितलें. लांकूड मेलें तरी पाणी पितें. वैशाखांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हां तें आकसतें. पावसाळ्यांत हवेंतला ओलावा पिऊन फुगतें. मात्र लांबींत तें जवळजवळ वाढत नाहीं, रुंदींत वाढतें. चारी बाजूंच्या फळ्यांचे तंतू पेटीभोंवतीं आडवे फिरत असले म्हणजे चारीही सारख्याच उंच होतात व कोपरा बिघडत नाहीं. तळाची रुंद फळी मात्र आडवी पसरते. तिला आम्हीं खिळ्यांनीं जखडली होती. ती फुगली, जागा मागूं लागली, जागा मिळाली नाहीं, तेव्हां तिनें कोपरा ढकलला. सरस ओलाव्यानें आधींच मऊ झालेला. तो कशाला धरून ठेवतो?

आबांनीं पेटी सोडविली, फळ्या सावलींत उभ्या केल्या, आणि आम्हांस सांगितलें कीं, दसरा होऊं द्या.

दसऱ्यानंतर त्यांनीं काम हातीं घेतलें तें आम्हीं ओट्यावर बसून पाहिलें. प्रथम जुन्या सांध्याचीं टोंकें कापून टाकलीं. पेटी त्यामुळें चार बोटें आंखूड होणार होती; आम्हांस हळहळ वाटली, त्यांस वाटली नाहीं. मग प्रत्येक टोंक गुण्यानें तपासलें. एका फळीची जाडी दुसरीवर धरून चाकूच्या टोंकानें रेघ ओढली. पेन्सिलीची रेघ जाड, तिच्या कोणत्या कडेनें जावें तें करवतीस कळत नाहीं. कांठाचे सात भाग केले. सात अशासाठीं कीं, एका फळीस वर-खालीं बोट यावें व दुसरीस वर-खालीं खांच. म्हणजे एकीला चार बोटें व तीन खांचा. दुसरीला तीन बोटें व चार खांचा. करवत रेघेवर न चालवितां टाकाऊ भागाकडून चालविली, रेघ शिल्लक ठेवली. खांचेंतला तुकडा पटाशीनें काढतांना अर्धा एका बाजूनें काढला, फळी उलटून उरलेला दुसऱ्या बाजूनें. एकाच बाजूनें आरपार मारली तर पलीकडचा कांठ फुटतो.

पहिली फळी झाली. दुसरीसाठीं आबांनीं पट्टी घेतलीच नाहीं. कापलेली फळीच दुसरीवर उभी धरली आणि तिच्या बोटांच्या कडेनें रेघा ओढल्या. पहिलींत एखादें बोट जरा जाड झालें असेल तर दुसरींत खांचही तितकीच जाड झाली. म्हणून प्रत्येक कोपरा आपल्याच जोडीदाराशीं जुळतो, दुसऱ्याशीं जुळत नाहीं, आणि घोटाळा होऊं नये म्हणून आबांनीं कोपऱ्यांवर एक, दोन, तीन, चार अशा खुणा केल्या. मग सरस न लावतां सुकाच सांधा लांकडी हातोड्यानें हळूहळू ठोकून पाहिला. जेथें अडलें तेथें लांकूड घांसून चकाकलें, तेवढेंच काढलें. आणखी काढलें तर सैल, न काढतां ठोकलें तर फळी फाटते. एका कोपऱ्यास हें त्यांनीं पांच वेळां केलें. तळाची फळी खोबणींत मोकळी सोडली, तिला सरसाचा थेंबही लाविला नाहीं. तिला श्रावणांत पसरावयास जागा ठेवली.

इस्राएल लोक ज्या देशांतून निघाले त्या मिसरांत हें काम लोकांस फार पूर्वींपासून येत होतें. तुतंखामेन राजाच्या थडग्यांतून १९२२ नंतर ज्या लांकडी पेट्या निघाल्या, त्यांचें वय सुमारें ३,३०० वर्षें आहे. बसालेल व अहलियाब यांच्या हातांस हें कौशल्य कोठून आलें, याविषयीं शास्त्र सांगतें कीं, देवाच्या आत्म्यानें तें दिलें. आम्हांस वाटतें, आत्म्यानें दिलें म्हणून पांच वेळां जुळवून पाहण्याचे कष्ट चुकले नसतील.

बंधूंनो, त्या ओट्यावर बसलें असतां आमच्या मनास जें लागलें तें असें. आम्हीं सणाच्या दिवशीं दोन माणसांस भेटविलें, परंतु कोणाच्याही फळीस करवत लाविली नव्हती. प्रत्येकजण आपला कांठ सबंध ठेवून आला व सबंध ठेवून गेला. मध्यें आमच्या प्रार्थनेचा सरस होता. प्रार्थनेस आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु जेथें कापावयाचें तेथें प्रार्थना भरली, हा दोष आमचा आहे, आणि गांवोगांवच्या कार्यकर्त्यांनीं आपापल्या मंडळींत तो शोधून पाहावा अशी आमची विनंती आहे.

मग आम्ही दोन्ही आळींत गेलों आणि या वेळीं विचारलें. खालच्या आळीची तक्रार अशी निघाली कीं, सुगीच्या अर्पणाच्या धान्याचा हिशेब वरच्या आळीकडे आहे व तो अनेक वर्षांत कोणास दाखविलेला नाहीं. वरच्या आळीची अशी कीं, त्यांच्या घरीं तरणा मुलगा वारला तेव्हां खालच्या आळीचें एकही माणूस मूठमातीस आलें नाहीं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

योवाश राजाच्या वेळीं यहोयादा याजकानें पेटीच्या झांकणास भोंक पाडून ती वेदीजवळ ठेवली, तेव्हां पैसे एकट्यानें मोजले नाहींत. राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मोजीत (२ राजे १२). हा पाठ आम्हीं वरच्या आळींत वाचला. कोणी बोललें नाहीं. आठ दिवसांनीं एक मळकी वही बाहेर आली. तींत लबाडी नव्हती. नुसता आळस होता, आणि आळसाची लाज वाटून ती लपविली होती. खालच्या आळीचे वडील त्यानंतर त्या मेलेल्या मुलाच्या आईकडे गेले. इतक्या उशिरां जाऊन काय बोलावें, हें त्यांस कळेना. ते अंगणांत बसले. बऱ्याच वेळानें घरांतून पाण्याचा तांब्या आला. चार खांचा कोणी दिल्या व तीन कोणी, हें आम्हीं मोजलें नाहीं.

कोणी म्हणेल, पत्र्याची पेटी बाजारांत मिळते, आतां तर वहीचें चित्र फोनवरही काढून ठेवतां येतें. काढून ठेवावें. आम्हींही तसें केलें आहे. परंतु पत्रा गंजतो, थंडींत आंतून घाम धरतो, आणि फोन एका माणसाच्या खिशांत असतो. पेटी भिंतीस न टेकवितां चार दगडांवर ठेवावी, म्हणजे वाळवीची वाट दिसते व पुसतां येते. आंत सुका कडुनिंब घालावा, व वर्षांतून दोनदां वह्या काढून सावलींत वारा द्यावा, उन्हांत नव्हे. त्या मंडळीनें दोन कुलुपें लाविलीं आहेत. एक किल्ली वरच्या आळींत असते, एक खालच्या.

त्या विधवा भगिनीचें लग्न पाहिलेलीं दोन म्हातारीं माणसें हयात होतीं. दीर वरच्या आळीचे, म्हणून तेथील म्हातारा गप्प होता. आणि त्या आळीच्या सुनेसाठीं आपण कां बोलावें, म्हणून खालच्या आळीची म्हातारी गप्प होती. नाताळापूर्वीं दोघेंही तालुक्यास गेलीं, एकाच बैलगाडींतून, आणि त्यांनीं आपापला जबाब लिहून दिला. म्हातारीनें अंगठा केला. त्या जबाबांच्या प्रती पेटींत सर्वांत वर ठेवल्या आहेत. शेताच्या दाव्याचा निकाल अजून लागावयाचा आहे.