श्रद्धा आणि सामूहिक वाचन

लूथरपंथी धर्मोपदेशक फिलिप याकोब श्पेनर यांनी १६७० मध्ये जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे आपल्या घरी प्रौढांची जी वाचनमंडळे सुरू केली, त्यांत आरंभी भक्तिपर ग्रंथ आणि पुढे प्रामुख्याने बायबल वाचले जाई. १६७५ च्या ‘पिया डेसिडेरिया’ या ग्रंथात त्यांनी अशा मंडळांचे समर्थन केले, ते सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकत्व, म्हणजे प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीस मध्यस्थावाचून देवासमोर उभे राहण्याचा व इतरांस बोध करण्याचा अधिकार आहे, या लूथरच्या सिद्धान्ताच्या आधारे. सिद्धान्त मान्य असूनही अनेक धर्माधिकाऱ्यांना या मंडळांचे भय वाटले, आणि ते अगदीच निराधार नव्हते, कारण फ्रांकफुर्टमधील काही सभासद पुढे चर्चपासून वेगळे झाले. श्रोता प्रश्न विचारू लागला की त्याची श्रद्धा उसनी राहत नाही हे खरे. मात्र वचनाचा अर्थ कोणी ठरवायचा, हा वाद मग टळत नाही, आणि तो टाळण्यासाठी वाचनच थांबवणे हा उपाय रोगाहून वाईट ठरतो. श्पेनर यांच्या या मंडळांतून वाढलेल्या भक्तिवादी परंपरेत, जर्मनीतील हाले येथे घडलेले धर्मप्रचारक बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग १७०६ मध्ये तमिळ प्रदेशातील तरंगमबाडीला आले, आणि त्यांनी केलेला नव्या कराराचा तमिळ अनुवाद १७१५ मध्ये छापून पूर्ण झाला.