परक्या यजमानाच्या दारी

चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या चरित्रात गोंदिया फार थोडा वेळ येते. नागपूर स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षण आटोपून विशीतला हा तरुण गोंदियाच्या सरकारी शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठी त्याला शिष्यवृत्ती मिळाली, पण नोकरीतून मोकळा होऊन तो मुंबईला पोचेपर्यंत प्रवेश बंद झाले होते. शिष्यवृत्तीही गेली. सरकारने अकोल्याला कलाशिक्षकाची जागा देऊ केली. रझांनी ती नाकारली आणि एका ब्लॉक मेकिंगच्या स्टुडिओत काम धरून मुंबईतच राहिले. पुढे १९५० साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पॅरिसला गेले. तिथला मुक्काम साठ वर्षांचा झाला.

तेव्हाचे गोंदिया मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होते; स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. हावड्याच्या मोठ्या लाइनवरचे हे जंक्शन. इथूनच नॅरोगेजची गाडी सातपुडा चढून नैनपूरला आणि पुढे जबलपूरला जाई. नैनपूरहून एक फाटा मंडल्याला. रझा जन्मले ते याच मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी, १९२२ मध्ये. वडील जंगल खात्यात. नर्मदेच्या त्याच मुलखात, जुन्या मंडला जिल्ह्यातच (आता तो भाग दिंडोरीत मोडतो) पाटनगढ नावाचे गाव आहे. तिथे साठच्या दशकात, गोंडांचे गायक-वादक असलेल्या परधानांच्या एका घरात जनगढसिंह श्याम जन्मले. तेही चित्रकार झाले, तेही परदेशी गेले. जुलै २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात पाहुणे कलावंत म्हणून राहत असताना त्यांचा मृत्यू झाला. आत्महत्या, अशी नोंद झाली. वय चाळिशीच्या आत होते.

एकाच जिल्ह्यातले दोघे, एकाला परदेशाने घडवले आणि दुसरा तिथून परतला नाही. यावरून सोपे निष्कर्ष काढायचा मोह होतो. इंग्रजी-फ्रेंच येणारा टिकला, आदिवासी कोसळला, असे म्हणून मोकळे होता येते. पण या दोघांच्या आयुष्यांतून एक प्रश्न उभा राहतो आणि तो मुळात धर्माचा आहे. माणूस आपली माती सोडून चित्र काढायला दूर जातो तेव्हा त्याचा देव कुठे असतो? परधानांच्या बाबतीत हा प्रश्न शब्दशः विचारावा लागतो, कारण त्यांची कला हे देवाचेच काम आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनापासून जवळ धनेगाव आहे आणि त्याच्या वरच्या डोंगरात कचारगडची प्रचंड गुहा. माघ पौर्णिमेला इथे कोया पूनेमची, म्हणजे गोंडी धर्माची जत्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, झारखंड अशा राज्यांतून गोंड समाज इथे येतो. ऐंशीच्या दशकापासून मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांच्या पुढाकाराने या यात्रेला आजचे रूप आले. श्रद्धा अशी, की कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली आणि दारावर मोठी शिळा बसली. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांच्या सुटकेसाठी झटले. शिळा हलली ती मात्र हिरासुका पाटालीर नावाच्या वादकामुळे. त्याच्या किंगरीच्या स्वरांनी कोंडलेल्या मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी आतून जोर लावला आणि शिळा गडगडली. तिच्याखाली हिरासुका स्वतः चिरडून मेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने धर्म शिकवला आणि त्यांचे सगे, म्हणजे कुळांचे गट, बांधून दिले.

ही कथा दोन गोष्टी एकाच वेळी सांगते आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एक, पवित्र जागा हलत नाही. कचारगड भोपाळला नेता येत नाही, म्हणून लोक रेल्वेने, ट्रॅक्टरने, पायी इथवर येतात. दुसरी, बंद जागा उघडते ती सुरामुळे, आणि सूर वादकाबरोबर कुठेही जातो. गोंडांचा बडादेव साजाच्या झाडात, म्हणजे आपल्याकडच्या ऐनात राहतो, पण तो निजलेला असतो. त्याला जागे करायला बाना वाजवावा लागतो. परधान हा तो वाजवणारा. सात भावांतला धाकटा, असे त्याच्याविषयी सांगतात.

आणि परधान एका जागी बसत नाही. श्यामराव हिवाळे या मराठी माणसाने व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर पाटनगढच्या परिसरात वर्षानुवर्षे राहून परधानांवर जे पुस्तक लिहिले, ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत हिवाळ्यांची आठवण फारशी निघत नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. परधानाच्या फिरतीला मंगतेरी म्हणतात. तो ठरलेल्या गोंड यजमानांच्या घरी दर काही वर्षांनी जातो, मुक्काम करतो, बाना वाजवून बडादेवाला जागवतो, त्या घराची वंशावळ गातो. यजमान त्याला धान्य, कपडा, जनावर देतो. यजमानाच्या घरी कोणी वारले तर त्या माणसाच्या वस्तूंतही परधानाचा वाटा असतो. ही भीक मानली जात नाही. देणे हे यजमानाचे धर्मकर्तव्य आहे, आणि ऐकणे हेसुद्धा. कोणी ऐकणारच नसेल तर देव जागा कोणासाठी करायचा?

थोडक्यात, आज कलाजगत ज्याला रेसिडेन्सी म्हणते ती परधानांना नवी नाही. दुसऱ्याच्या घरी राहून कला करणे हेच त्यांचे जगणे होते. म्हणून देव परदेशी जातो का, याचे उत्तर परधानांच्या परंपरेतूनच मिळते: जातो, पण पलीकडे यजमान असला पाहिजे. छप्पर, जेवण आणि रंग पुरवणारा माणूस तेवढ्याने यजमान होत नाही. समोरचा कोण आहे, काय जागवायला आला आहे, हे ज्याला कळते आणि त्याला वेळेवर घरी पोचवणे ज्याला आपले काम वाटते, तो यजमान.

विदर्भाला या विचाराची दुसरी बाजूही ठाऊक आहे. चक्रधरस्वामींनी शिष्यांना स्वदेशाचा, स्वग्रामाचा संबंध तोडायला सांगितले. ओळखीच्या माणसांत राहून मन मोकळे होत नाही, म्हणून अटन करायला लावले. पण त्याच महानुभाव पंथाने स्वामी कुठे थांबले, कुठल्या देवळात, कुठल्या बाजूच्या ओट्यावर बसले याची बारीक नोंद ‘स्थानपोथी’त करून ठेवली. जागा सोडणारे लोक जागेचे इतके पक्के स्मरण ठेवतात, याचे नवल वाटायचे कारण नाही. दूर गेल्यावर जागा स्मरणात येते, आणि स्मरण ही महानुभावांची मुख्य साधना आहे.

रझांचे पॅरिस हे अशा स्मरणाचे उदाहरण म्हणून वाचता येते. जायच्या आधी, १९४८ मध्ये, काश्मीरात भेटलेल्या छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना सांगितले होते, की चित्रांत गुण आहे पण बांधणी नाही, सेझान अभ्यासा. पॅरिसला त्यांनी तेच केले. १९५६ मध्ये फ्रेंच समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला; फ्रान्सबाहेरच्या चित्रकाराला तो प्रथमच मिळत होता. जानीन माँजिया या चित्रकर्तीशी १९५९ मध्ये लग्न झाले. दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बियो या डोंगरगावात दोघे काम करत. पैसा, नाव, घर, सगळे होते. तरीही सत्तरच्या दशकात त्यांना स्वतःचीच चित्रे परकी वाटू लागली: यात मी कुठे आहे, माझा देश कुठे आहे? ते वारंवार भारतात येऊ लागले, अजिंठा-वेरूळला गेले, बनारसला गेले, राजस्थान-गुजरात हिंडले. आणि ऐंशीच्या आसपास त्यांच्या कॅनव्हासवर बिंदू आला.

हा बिंदू कुठला? ककैयाच्या प्राथमिक शाळेतला. चंचल पोराला गुरुजी नंदलाल झारिया यांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला होता आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितले होते. मुसलमान घरातला मुलगा, मंडल्याच्या जंगलातली शाळा, समोर ठिपका. ती आठवण वर यायला पॅरिसमधली तीस वर्षे लागली. गोंदियाच्या शाळेत रझा ड्रॉइंग मास्तर म्हणूनच राहिले असते तर बिंदू आला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. पण पॅरिसने तो दिला असे म्हणणे जितके चूक, तितकेच मंडल्याने दिला असे म्हणणेही अपुरे. पॅरिसने रझांना मुबलक वेळ दिला, आणि तो वेळ त्यांच्या मालकीचा होता. केव्हा भारतात यायचे, केव्हा परत जायचे, हे ते ठरवत. जानीनच्या निधनानंतर २०१० मध्ये ते कायमचे दिल्लीला आले. २०१६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि दफन मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी झाले.

जनगढ यांना असा वेळ मिळाला नाही.

१९८१ मध्ये भोपाळच्या भारत भवनासाठी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी पाठवलेल्या तरुणांना पाटनगढला एका घराच्या भिंतीवर जनगढ यांचे चित्र दिसले. जनगढ भोपाळला आले. बडादेवाला, ठाकूरदेवाला तोवर मूर्ती नव्हती, चेहरा नव्हता. जनगढ यांनी त्यांना ठिपक्या-रेघांचे शरीर दिले. बान्यावर जे गायले जाई ते कागदावर उतरले. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या ‘माजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतीही त्यांनी रंगवल्या. त्यानंतर जपान. निगाता प्रांतातल्या तोकामाची इथे, प्रचंड बर्फ पडणाऱ्या डोंगरात, १९८२ पासून मिथिला संग्रहालय आहे. तिथे भारतीय लोककलावंत महिनोन् महिने राहून चित्रे करत आले आहेत आणि त्यातून फार मोलाचे काम उभे राहिले आहे. जनगढ यांनीही तिथे उत्तम चित्रे केली. पण शेवटच्या मुक्कामातल्या त्यांच्या पत्रांत घरी परतण्याची ओढ होती, असे पुढे प्रसिद्ध झाले. मृत्यूनंतर भारतातल्या कलावर्तुळात प्रश्न उठले: करार काय होता, मुक्काम कोण ठरवत होते, मानधन किती, बोलायला कोण होते?

त्या मृत्यूची कारणे बाहेरच्या माणसाने ठरवू नयेत, आणि कोणावर ठपका ठेवण्याचा अधिकार या लेखालाही नाही. परंतु हे प्रश्न व्यवहाराचे म्हणून बाजूला सारता येत नाहीत. मंगतेरीच्या धर्मात तेच प्रश्न गाभ्याचे आहेत. किती दिवस, काय द्यायचे, कोण ऐकणार, केव्हा परत, हे सारे तिथे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते. परधानाला दारी आणणारा व्यवहार आणि बडादेवाला जागवणारे गाणे यांची फारकत झाली, की उरते ते उत्पादन.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला वारल्यांनी हे वेगळ्या तऱ्हेने सोडवले. लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाते, आणि मगच पालघट देवी तिथे येते. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या ओळखीतून कागदावर आलेले गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी देवीचा चौक तर काढलाच. पण त्याहून जास्त काढली शेते, मासेमारी, तारप्याचा नाच. विधी आपल्या जागी राहिला, पाहण्याची रीत जगभर गेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्या गावचे नवे चित्रकार आज सहज विमानात बसतात.

पाटनगढचाच आणखी एक प्रवास इथे सांगायलाच हवा. जनगढ यांचे पुतणे भज्जू श्याम त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात लंडनला गेले. काम होते एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्याचे. मुक्काम दोन महिन्यांचा, सोबत रामसिंह उर्वेती हे गावचे चित्रकार. परतल्यावर भज्जू यांनी जे पाहिले ते चेन्नईच्या तारा बुक्सच्या माणसांना सांगितले, काढून दाखवले, आणि २००४ मध्ये ‘द लंडन जंगल बुक’ आले. त्यात बिग बेनच्या घड्याळाचा कोंबडा झाला आहे, कारण गावाला वेळ कोंबडाच सांगतो. भुयारी रेल्वे गांडूळ झाली आहे आणि रोज नेऊन आणणारी ३० नंबरची बस इमानी कुत्रा. साहेबाच्या शहराचे हे कौतुकही नाही आणि टिंगलही नाही. परक्या घराची वंशावळ गाणाऱ्या परधानाचेच हे काम आहे; फक्त या वेळी यजमान होते लंडन, आणि आपल्याविषयी असे कोणी गाईल याची त्याला कल्पना नव्हती. उपाहारगृहाच्या भिंतीसारख्या धंद्याच्या कामातून हे निघाले, ही गोष्ट मोठमोठ्या संस्थांनी लक्षात घेण्यासारखी आहे. भज्जू यांच्याजवळ आपल्या भाषेत बोलायला माणूस होता आणि परतीची तारीख होती.

सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणून जे चालते त्यात जाणारे बहुतेक आपण असतो आणि बोलावणारे ते. उलट दिशेने काय घडेल? क्योतो किंवा बर्लिनचा एखादा कलावंत माघात धनेगावला महिनाभर राहायला आला, तर त्याला स्टुडिओ मिळणार नाही. वर गुहेकडे चढणारी माणसे मिळतील, रात्रभर ढोल मिळेल, भात मिळेल. आणि पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी म्हातारी त्याला विचारील ते, जे गोंडांत अनोळखी माणसाला विचारतात: तुम्ही किती देवांचे, चारचे, पाचचे, सहाचे की सातचे? या उत्तरावरून सगा कळतो, सग्यावरून सोयरीक कळते, आणि मग त्याला कोणाच्या घरी उतरवायचे, त्याची जबाबदारी कोणाची, हे गाव ठरवते.