अमानत कोणाची?

आमच्या घरात किडनीचे रोपण झाले तेव्हा सगळे म्हणत, आता भाऊ पहिल्यासारखा होईल. पहिल्यासारखा तो झाला नाही. पण आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला माणूस दुकानात बसू लागला, पोटभर पाणी पिऊ लागला. ज्याने वर्षभर घोट मोजून पाणी प्यायले, त्यालाच हे सुख कळते. मात्र बारा तासांच्या अंतराने घ्यायच्या गोळ्या कायमच्या मागे लागल्या. शरीर नव्या किडनीला परके मानते, म्हणून त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागते. मग साधा तापही भारी पडतो.

रमजान आला आणि भाऊ म्हणाला, रोजे धरतो. सारे खूश झाले. आपा तेवढी गप्प राहिली. किडनी तिने दिली होती.

कुराणाने आजाऱ्याला सवलत दिली आहे, हे आम्हाला ठाऊक असते. तरी सवलत घेणारा आम्हाला ईमानाचा कच्चा वाटतो. काही रुग्णांना डॉक्टर रोजे धरू देतातही, पण ते रक्ताची तपासणी पाहून, शेजाऱ्याची हिंमत पाहून नव्हे.

अवयवरोपणाला जेद्दाहच्या फिक्ह अकादमीने 1988 साली अटींसह मान्यता दिली. तरी देण्याआधी आम्ही विचारतो, देह अल्लाहची अमानत, तो कापावा कसा? दिल्यानंतर मात्र अमानतीचा विसर पडतो. आपाने दिलेली किडनी पुण्याच्या हौसेपायी धोक्यात घालण्याचा हक्क भावाला होता का? आमच्या मते नव्हता.

आणि आपाचे काय? देणाऱ्यानेही दरवर्षी रक्तदाब, रक्त, लघवी तपासून घ्यायची असते. भावाच्या तारखा कॅलेंडरवर लिहिलेल्या होत्या, तिच्या नव्हत्या. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हा योगायोग नव्हे. 1994 च्या कायद्याने अवयवांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आणली, पण घरातल्या दडपणाला कोणता कायदा मोजणार? आम्ही भावंडांनी बसून आधी ठरवले, मग तिच्याकडे गेलो. ती 'हो' म्हणाली. 'नाही' म्हणायला आम्ही जागा ठेवली होती का, हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही.

भावाने त्या वर्षी फिदिया दिला. रमजानच्या दुपारी पाणी पिताना तो अजून भिंतीकडे तोंड करतो. आपाच्या तपासणीची तारीखही आम्ही कॅलेंडरवर लिहिली, दोन वर्षे उशिराने.