ससिकरक्षणाची लीळा आणि मुक्या जीवांचा प्रश्न

म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात ससिकरक्षणाची लीळा आली आहे. पारध्यांनी पैज लावून एका सशामागे कुत्री सोडली. जीव घेऊन धावणारा तो ससा वृक्षाखाली बसलेल्या सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या जानूखाली येऊन दडला. मागोमाग पारधी आले आणि ससा सोडून द्यावा अशी विनवणी करू लागले. हा पैजेचा ससा आहे, तो न मिळाल्यास आपापसांत तंटा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. स्वामींनी शरणागताला बाहेर काढून दिले नाही. जो रानात राहतो, गवत खातो, ओढ्याचे पाणी पितो आणि कोणाचे काही बिघडवीत नाही, अशा जीवाला का मारावे, या आशयाचे निरूपण त्यांनी पारध्यांना केले. पारध्यांचे मन पालटले. ते गेल्यावर स्वामींनी जानू उचलली आणि अतिथीला द्यावा तसा आदराने सशाला निरोप दिला.

ही लीळा बहुधा दयेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तसे सांगणे योग्यच आहे. परंतु तेवढ्याने तिचा अर्थ संपत नाही. तीत तीन प्रश्न अनुस्यूत आहेत. ससा कोणाचा? ज्याने पैज लावली त्याचा, की स्वतःचा? दुसरा, मनुष्याच्या करमणुकीसाठी अन्य जीवाने भय का सोसावे? आणि तिसरा, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही, तो असा की, रक्षणाचा भार कोणी उचलला? गेल्या दोन शतकांत प्राण्यांच्या कैवारासाठी ज्या चळवळी झाल्या, त्यांनी यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांविषयी लोकांची दृष्टी पुष्कळ पालटविली. तिसरा प्रश्न मात्र अद्याप अनुत्तरित आहे. प्रस्तुत विवेचनाचा हेतू तो प्रश्न स्पष्ट करणे हा आहे.

भिंगारचा रस्ता

नगर शहराला लागून असलेले भिंगार हे गाव शहराहूनही जुने. १४९० मध्ये याच गावाजवळ मलिक अहमदाने बहमनी सैन्याचा पराभव केला आणि पुढे १४९४ मध्ये शहर वसविले. इंग्रजी अमदानीत येथे लष्कराची छावणी झाली. भिंगारवरून एक रस्ता पूर्वेस पाथर्डीकडे जातो. दिवाळी सरली की पाथर्डी आणि बीडकडील ऊसतोडणी मजूर आपले बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोणी ट्रकने जातो, कोणी ट्रॅक्टरने. ज्यांची बैलगाडी आहे त्यांच्याबरोबर बैलही जातात. मनुष्य आणि बैल दोघेही पोटासाठी निघालेले असतात. फरक इतकाच की, मनुष्याने उचल घेतलेली असते. बैलाने काहीच घेतलेले नसते. ओझे मात्र दोघांवर सारखे पडते.

या बैलासाठी देशात नियम आहेत. जनावरांकडून ओझे वाहून घेण्यासंबंधीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्याला दिवसातून ९ तासांपेक्षा अधिक जुंपता येत नाही, विश्रांतीवाचून सलग ५ तासांपेक्षा अधिक राबविता येत नाही आणि जेथे उष्णता ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात कामाला लावता येत नाही. नगरचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला या नियमाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. परंतु असा नियम असू शकतो, ही कल्पनाच दीडशे वर्षांपूर्वी कोणाच्या मनात आली नसती. ती कशी आली, हे पाहणे बोधप्रद आहे.

दृष्टी पालटण्याचा क्रम

आरंभी प्राण्यावरील दया ही दया करणाराच्या पुण्याची बाब होती. जून १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी उपक्रम चालू असता पारशी लोक प्रक्षुब्ध झाले आणि शहरात दंगल उसळली. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. या सर्वांच्या मुळाशी धर्मश्रद्धा होती. प्राणी वाचला पाहिजे, कारण तो मारणे पाप आहे, असा हा विचार होता.

दुसरी अवस्था कायद्याची. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८२२ मध्ये गुरांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध कायदा केला. हिंदुस्थानात कोल्सवर्दी ग्रँट यांनी १८६१ मध्ये कलकत्त्यास प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था काढली. मुंबईस अशी संस्था १८७४ मध्ये निघाली. १८९० मध्ये हिंदुस्थान सरकारने कायदा केला. त्याचा रोख मुख्यतः लोकांच्या दृष्टीस पडणाऱ्या जागी केलेल्या क्रूरतेवर होता. म्हणजे बैलाला वेदना होते यापेक्षा ती वेदना सभ्य मनुष्याला पाहावी लागते, याचा विचार त्यात अधिक होता. तथापि हा अपुरा विचारही उपकारक ठरला, कारण मालकाने आपल्या जनावराचे काहीही करावे, हा समज त्याने प्रथमच मोडला.

महाराष्ट्रात याच सुमारास दुसऱ्या बाजूने काम झाले. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) यात्रा-जत्रांच्या ठिकाणी हिंडून, कीर्तनांतून, देवापुढे बकरी-कोंबडी कापण्याच्या चालीवर प्रहार केले. त्यांच्या हाती कायदा नव्हता, केवळ वाणी होती. ज्याच्या हातात सुरी आहे त्याच्याच बुद्धीला आवाहन करण्याची ही रीत पारध्यांना निरूपण करण्याच्या रीतीशी जवळची आहे.

तिसरी अवस्था स्वातंत्र्यानंतरची. नृत्यकलेच्या उपासक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत १९५३ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेच्या प्रतिबंधासाठी विधेयक मांडले. भिंगारहून जवळच असलेल्या नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात बंदिवान असलेले पंडित नेहरू तेव्हा पंतप्रधान होते. सरकार स्वतः कायदा आणील असे आश्वासन त्यांनी दिले आणि १९६० मध्ये तो झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवीच होत्या. १९७६ च्या घटनादुरुस्तीने जीवमात्राविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी आली. २०११ मध्ये त्या यादीत बैल घातला गेला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती बंद ठरविल्या. भूक, भय, वेदना यांपासून मुक्त असणे हे प्राण्याला लाभले पाहिजे, अशी भाषा त्या निर्णयात होती. पुढे महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना तात्पुरती मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत, हे मानण्यास मात्र त्या पीठाने संमती दिली नाही.

शर्यती पुन्हा सुरू झाल्या म्हणून चळवळ हरली, असे म्हणणे उथळपणाचे होईल. शर्यतीच्या बाजूचे लोकही आता बैलाला काठी मारणार नाही, टोचणार नाही, असे सांगूनच परवानगी मागतात. पूर्वी हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नव्हती. ज्याची बाजू मांडावी लागते, ते निर्विवाद राहिलेले नसते. पुण्यापासून गुन्ह्यापर्यंत आणि गुन्ह्यापासून हक्काच्या उंबरठ्यापर्यंत लोकमताचा झालेला हा प्रवास खरा आहे.

शंका पहिली

येथे कोणी म्हणेल, हा पालट दयेमुळे झाला नाही, यंत्रामुळे झाला. भिंगारच्या छावणीकडे पाहावे. घोडदळाचा वारसा सांगणाऱ्या चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र आज नगरला आहे आणि १९९४ पासून तेथे रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. घोडा युद्धातून सुटला तो करुणेने नव्हे, इंजिनाने. टांग्याचे घोडे, मोटेचे बैल यांचेही तसेच झाले. गरज संपल्यावर दया करणे सोपे असते.

समाधान असे की, या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धे आहे. यंत्राने बैलाच्या मानेवरचे जू उतरविले. त्याच यंत्रयुगाने कोंबडीला पंखही पसरता येणार नाहीत अशा पिंजऱ्यात कोंडले. यंत्राला दया नसते आणि क्रौर्यही नसते. ते मनुष्याच्या इच्छेमागे जाते. शर्यतीच्या बैलाला तर कोणतेच यंत्र पर्याय नव्हते; तेथील वाद निव्वळ नीतीचा होता आणि तो चळवळीनेच उभा केला. उलट जेथे दया आणि यंत्र एकत्र आले तेथे चांगले फळ दिसले. सांगली, सातारा, सोलापूर या भागांत २००३ पासून काम करणाऱ्या ‘अ‍ॅनिमल राहत’ या संस्थेने जखमी बैलांवर उपचार केले आणि साखर कारखान्यांच्या ओढीच्या बैलांऐवजी लहान ट्रॅक्टर यावेत असा प्रयत्न चालविला. यंत्र होतेच, ते बैलाच्या सुटकेसाठी आणावे, ही बुद्धी यंत्राची नव्हती.

या शंकेतून एक सावधगिरी मात्र घ्यावी. १८९० च्या कायद्याप्रमाणे आजचे लोकमतही दिसणाऱ्या क्रूरतेने हळहळते. रस्त्यावरचा बैल दिसतो, बंद शेडमधील कोंबडी दिसत नाही. सर्वज्ञांच्या आचारोपदेशात तर मुंगीसारख्या, पायाखाली सहज न दिसणाऱ्या जीवाचीही चिंता वाहिली आहे. जीव हा जीव म्हणून एकच. मुंगी, ससा आणि मनुष्य हा देहाचा भेद प्रपंचाचा आहे. दिसण्यावर अवलंबून असलेली दया ही डोळ्यांची दया होय, तत्त्वाची नव्हे.

शंका दुसरी

दुसरी शंका अधिक कठीण आहे. प्राण्याला वाचविताना भुर्दंड कोणावर बसतो? अस्वलाचा खेळ बंद झाला तेव्हा दरवेशाची भाकरी गेली. बैलाचे नाव यादीत आले तेव्हा दारोदार हिंडणाऱ्या नंदीबैलवाल्याच्या मनात धास्ती बसली. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यानंतर थकलेला बैल विकावा तर गिऱ्हाईक नाही, पोसावा तर वैरण नाही, अशी कोरडवाहू शेतकऱ्याची कोंडी झाली. २०१८–१९ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. तेथे घरदार सोडून जनावरापाशी उन्हात बसून राहिलेल्या शेतकऱ्याला, तू प्राण्यावर दया कर, असे सांगण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? त्याने ती केलीच आहे. कायद्याची विषमताही पाहण्यासारखी आहे. १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्यास दंड १० ते ५० रुपये एवढाच ठेवला आहे. निर्दयाला ही रक्कम जड नाही आणि दयाळूला कायद्याचे साहाय्य नाही.

या शंकेचे समाधान लीळेतच शोधावे लागते. स्वामींनी सशाला दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवविले नाही, पारध्यांना शासन करविले नाही. स्वतःच्या जानूखाली आसरा दिला. कुत्री आली तर ती प्रथम त्यांच्या देहाला भिडली असती. रक्षणाचा भार रक्षणकर्त्याने स्वतः घेतला. पारध्यांकडून त्यांनी केवळ पैज सोडवून घेतली, पोट सोडवून घेतले नाही. आणि पारधी निघून गेले ते हरलेले म्हणून नव्हेत, समजलेले म्हणून. ससा वाचला आणि पारधीही एका पापातून वाचले. जीवोद्धाराचे कार्य दोन्हीकडे झाले.

यावरून कायदा नको, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कुत्री पाठीशी लागलेला ससा पारध्याचे मन पालटेपर्यंत थांबू शकत नाही. बारा वाजता डांबरी रस्त्यावर जुंपलेल्या बैलालाही थांबता येत नाही. म्हणून नियम हवाच, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे झगडून तो मिळविला त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु नियम करणाऱ्या समाजाने त्याचा खर्च स्वतःकडे घेतला पाहिजे. म्हातारा बैल कसायाकडे जाऊ नये असे ज्याला वाटते, त्याने त्या बैलाच्या पेंढीत आपला वाटा घातला पाहिजे. अस्वल सुटावे असे वाटते, तर दरवेशाच्या मुलाला दुसरा धंदा मिळेपर्यंत स्वस्थ बसता कामा नये. स्वस्त अंडे आणि स्वस्त साखर हवी, पण त्यामागचे कष्ट डोळ्यांआड असावेत, ही अपेक्षा तर अहिंसेच्या कोणत्याच व्याख्येत बसत नाही.

साधकाच्या आचारात पाणी गाळून घेणे, पाहून पाऊल टाकणे, जीवाला उपद्रव होणार नाही असे वर्तणे, हे सारे स्वतःवर घातलेले निर्बंध आहेत. दुसऱ्यावर लादलेले नाहीत. म्हणूनच शतके लोटली तरी ते टिकले. प्राण्यांच्या कैवाराच्या चळवळीने लोकांना प्राण्याची वेदना पाहावयास शिकविले, हे तिचे मोठे कार्य होय. ती वेदना दूर करण्यासाठी आपले काय कमी करावयाचे, हे प्रत्येकाने ठरवावयाचे आहे. पाथर्डीच्या रस्त्याने येणारा बैल आणि त्याच्या कासऱ्याला धरून चालणारा मजूर, या दोघांनाही एकाच सावलीची गरज आहे, हे ज्याला उमगले त्याला ससिकरक्षणाच्या लीळेचा अर्थ कळू लागला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.